लिफाफ्यातली चाल

शिकागो,
४ एप्रिल १९७६

ती. अल्बिनाताईस,
लुडीचा सा. न., आणि वि. वि. खाली सगळं आहेच.

तुझा भाऊ ग्रँडमास्टर झाला. खरं तर फोन करायला हवा होता. हॉटेलच्या फोनपाशी दोनदा गेलो आणि दोनदा तसाच परत आलो, म्हणून लिहितोय. एमिल साडेसहाच्या बसने निघालासुद्धा. हे पत्र पोचेपर्यंत त्याचं अख्ख्या गल्लीला सांगून झालेलं असेल.

तरी माझ्याकडूनही ऐक. किताबासाठी लागणाऱ्या तीन नॉर्मपैकी, म्हणजे ठरलेल्या दर्जाच्या कामगिऱ्यांपैकी, तिसरा आणि शेवटचा मिळवायला मला शेवटच्या फेरीत अर्धा गुण हवा होता, म्हणजे नुसती बरोबरी. एमिललाही तिसराच नॉर्म हवा होता, पण त्याला पूर्ण गुण हवा होता, म्हणजे विजय. आणि वेळापत्रकात शेवटच्या फेरीला आम्ही दोघं समोरासमोर. क्लबच्या एकाच तळघरात, एकाच पटावर शिकलेली दोन माणसं, त्यातला एक दुसऱ्याच्या बहिणीचा नवरा. सकाळी नाश्त्याला आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर बसलो आणि दोघांनीही वर्तमानपत्र वाचायचं सोंग केलं.

पाच तास खेळलो. शेवटी दोघांचा एकेक हत्ती, काही प्यादी, आणि त्याचं एक प्यादं जास्त. पाच तासांनी डाव थांबवतात हे तुला आमच्यासोबत राहून पाठ झालंय. ज्याची पाळी असते त्याने पुढची चाल कागदावर लिहायची, कुणाला दाखवायची नाही, लिफाफ्यात बंद करायची. झाकणावर दोघांच्या आणि पंचाच्या सह्या, आणि लिफाफा पंचाच्या खिशात. जेवून आल्यावर तो उघडतात आणि डाव तिथून पुढे चालू. पाळी माझी होती. चाल मी लिहिली.

मी सूप घेऊन बसलो होतो तेवढ्यात एमिल आला. खुर्ची ओढली, माझ्याच पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सांगितलं की त्याने सगळं तपासून बघितलंय. लुडीने हत्ती मागच्या रांगेत नेला की डाव जिंकता येत नाही, आणि लुडी तो नेणार नाही असं होणार नाही. मग उगाच दोन तास घासाघीस कशाला, बरोबरी करून टाकू. मी हात पुढे केला. पंचाने विचारलं लिफाफा उघडायचा का, तर एमिल म्हणाला की काही गरज नाही. बरोबरी झाली की उघडत नाहीत, तशीच पद्धत आहे. पंचाने लिफाफा मला देऊन टाकला.

मी इतक्यात घरी येत नाही. विचिटाच्या एका क्लबने चाळीस जणांशी एकाच वेळी खेळायला बोलावलंय, तिथून पुढे डेन्व्हर. एमिलला पोटभर खाऊ घाल. आठवडाभर तो नुसत्या कॉफीवर होता.

तुझा लोभ आहे तेवढा पुष्कळ आहे. आज आणखी मागायचं तोंड नाही.

तुझा,
लुडी


क्लीव्हलंड,
१५ एप्रिल १९७६

चि. लुडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. रोजचे वेगळे, ग्रँडमास्टरचे वेगळे.

अरे गाढवा, किताब मिळाल्याचं पत्र लिहितोस की कुणी गेल्याचं? दोनदा वाचलं, तरी मला कळेना की पेढे वाटायचे की मेणबत्ती लावायची. शेवटी अक्रोडाच्या गोड पावाच्या आठ पोटित्से भाजल्या आणि गल्लीत वाटल्या. अक्रोड निवडून निवडून बोटं काळी झाली आहेत. ग्रडिनाकाकूंनी दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं की मुलगा आता लग्न करणार का. मी म्हटलं तो सध्या चाळीस जणांशी एकदम खेळतोय, एकीशी कधी जमेल सांगता येत नाही.

एमिल आला तो कोट चुरगळलेला, दाढी वाढलेली. दारातच बॅग ठेवली आणि आपला लुडी ग्रँडमास्टर झाला म्हणून मला उचलून गोल फिरवलं. स्वतःबद्दल अक्षर नाही. तीन दिवसांनी मीच विचारलं, तेव्हा म्हणाला की अर्ध्या गुणाने राहिलं, पण डाव बरोबरीचाच होता, त्यात काही करण्यासारखं नव्हतं. जानेवारीत त्याने मला शब्द दिला होता तो तुला ठाऊक आहे. हा वसंत शेवटचा, नाही जमलं तर कारखान्यात फोरमनची जागा घ्यायची. सोमवारी गेला आणि घेतली. आता रोज साडेपाचला घरी येतो. अ‍ॅनी पहिल्या दिवशी त्याला बघून विचारत होती की बाबा आजारी आहेत का.

मला वाटलं होतं तो बुद्धिबळाचं नाव काढणार नाही. पण दर गुरुवारी क्लबच्या हॉलच्या तळघरात जातो आणि तुमच्या दोघांचा तो थांबलेला डाव मांडतो. येईल त्याला विचारतो, इथे काय खेळाल? निम्मे लोक म्हणतात राजा एक घर पुढे. मग हा त्यांना तो राजा कसा अडकतो आणि डाव कसा जातो ते दाखवतो, आणि वर ऐकवतो की म्हणून तुम्ही कारखान्यात स्क्रू पाडता आणि लुडी ग्रँडमास्टर आहे. माणूस हरल्यासारखा वागतच नाही रे. मला तर त्याचं कौतुक वाटतं.

जेवत जा. मोजे पाठवतेय. आणि पुढचं पत्र जरा माणसासारखं लिही, म्हणजे इकडचा लोभ आपोआप वाढेल.

तुझी,
अल्बिनाताई


स्पोकेन,
९ नोव्हेंबर १९७७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं एकदम हातात पडली. त्यातलं एक तर विचिटा, डेन्व्हर, बॉइझी असं माझ्या मागे फिरून आलंय, पाकिटावर शिक्क्यांना जागा उरलेली नाही. तू विचारतेस की हल्ली राहतोस कुठे. ताई, मी राहत नाही, मी पोचतो आणि निघतो. बस थांबली की बरं वाटतं आणि खोलीत शिरलो की नको वाटतं. कोट काढायच्या आधी मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीची वेळ बघून ठेवतो. बॅग उघडायची तर मी केव्हाच सोडून दिली आहे, वरचा शर्ट काढतो आणि पुन्हा वरच ठेवतो.

काम चालू आहे. ग्रंथालयात, शाळेच्या व्यायामशाळेत, एकदा तर गाड्या विकायच्या दुकानात तीस पट मांडले होते. मी आत फिरत चाली करतो, लोक बाहेर बसतात. परवा एका दातांच्या डॉक्टरने विचारलं की ग्रँडमास्टर झाल्यावर कसं वाटतं. मी त्याचा घोडा मारला आणि पुढच्या पटाकडे गेलो.

तू मासिकातलं कात्रण पाठवलंस. बरोबरी न मागणारा आणि न स्वीकारणारा शूर खेळाडू, असं त्यांनी छापलंय. एमिलने ते हॉलमध्ये टाचलं म्हणे. शूर कसला डोंबलाचा. या वर्षात आठ जणांनी मला बरोबरी देऊ केली, मी आठांना नाही म्हटलं, आणि त्यातले सहा डाव हरलो. माझं मानांकन घसरत चाललंय. समोरचा माणूस हात पुढे करतो. मी उठून तोंडावर पाणी मारून येतो आणि चांगला बरोबरीचा डाव ओढून ताणून हरतो. का ते विचारू नकोस.

एक मात्र कर. एमिलला सांग की तो आमचा डाव मांडणं आता पुरे. लोकांना दुसरं काहीतरी शिकव म्हणावं. एका डावात असं आहे तरी काय?

नाताळला येईन असं लिहिणार होतो, पण खोटं का लिहू. अ‍ॅनीला पापा. मोजे फाटले, पण ऊब होती. तुमची माया आहे तशी असू दे, मी तिला शोभण्यासारखं काही करत नसलो तरी.

तुझा,
लुडी


क्लीव्हलंड,
२ फेब्रुवारी १९७८

ग्रँडमास्टर मेहुणेबुवांस,
एमिल पेचनिकचा स. न. वि. वि. तू वयाने लहान आहेस, तेव्हा हा नमस्कार किताबाला समज.

लुड्या, मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. पण काम तसंच आहे आणि अल्बिनाला सांगितलं तर ती अर्धं पत्र तुझ्या मोज्यांवर खर्च करेल. येत्या एकोणतीस एप्रिलला आपल्या क्लबला पन्नास वर्षं होतात. वरच्या मोठ्या हॉलमध्ये जेवण आहे, दोनशे माणसं, क्लोबासे सॉसेज आणि आंबवलेला कोबी, नंतर अकॉर्डियन. भिंतीवर तुझा फोटो लावणार आहोत, मोठा, तू त्यात बरा दिसतोस. तू यायला हवंस. पण तू येणार नाहीस, तुझ्या पायाला चाकं आहेत, म्हणून निदान एक वस्तू पाठव.

तो लिफाफा. शिकागोचा. तू फेकला नसशील याची मला खात्री आहे. त्यावर माझी सही आहे, पंचाची आहे, तुझी आहे. सगळ्यांसमोर मी तो उघडणार, चाल मोठ्याने वाचणार आणि तुझ्या फोटोखाली काचेत लावणार. म्हातारा ग्रडिना दर गुरुवारी मला छळतो. त्याचं म्हणणं, लुडी त्या दिवशी दमला होता, त्याने राजाच लिहिला असणार. मी त्याच्याशी पैज मारली आहे, घरच्या द्राक्षांच्या दारूची मोठी बाटली. म्हाताऱ्याची दारू चांगली असते, ती आपण दोघं पिऊ.

आता एक गोष्ट फक्त तुला. लोक मागून बोलतात की मी तुला तो डाव सोडून दिला, कारण तू माझा मेहुणा. तोंडावर कुणी बोलत नाही, पण कानावर येतं. मला तो कागद त्यासाठी हवा आहे. मी दया केली नव्हती. डाव बरोबरीचा होता म्हणून मी बरोबरी केली. मी दिवसभर सोळा माणसांवर ओरडतो, घरी येतो, जेवतो आणि शांत झोपतो, ते त्या एका गोष्टीच्या जोरावर. किताब गेला त्याचं वाईट वाटतं रे, नाही कशाला म्हणू. पण हिशेब चुकला असं कधी वाटलं नाही.

लवकर पाठव, रजिस्टर कर. जुनी दोस्ती आहे म्हणून आग्रह, आणि मेहुणा आहेस म्हणून हुकूम.

तुझा,
एमिल


अमरिलो,
१६ फेब्रुवारी १९७८

ती. ताईस,
सा. न. आज वि. वि. मोठं आहे, बसून वाच. एमिल घरी नसताना वाच.

त्या लिफाफ्यात हत्तीची चाल नाही. राजा एक घर पुढे, असं लिहिलंय.

कसं झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाच तास बसलो होतो, पंच लिफाफा घेऊन डोक्याशी उभा होता, वीस मिनिटं विचार केला आणि राजा लिहिला. जिन्याने खाली उतरताना चौथ्या पायरीवर मला हत्ती दिसला. इतका सरळ दिसला की मी कठडा धरून उभा राहिलो. मग सूप घेतलं. डाव गेला, किताब गेला, ठीक आहे, एमिल ग्रँडमास्टर होतोय, किताब घरातच राहतोय, असं मनाला समजावत होतो. खरंच समजावत होतो ताई, हे तरी खरं मान. तेवढ्यात तो आला, माझा पाव खाल्ला आणि माझ्यावर विश्वास टाकून बरोबरी देऊन बसला. मी तोंडाने हो म्हणालो नाही. नुसता हात पुढे केला. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगतोय की मी खोटं काही बोललो नाही.

नियमाने त्यात चूक नाही. बंद चाल लिहिणाऱ्याने चेहरा दगडासारखा ठेवायचा, समोरच्याने काय ते ओळखायचं, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. एखाद्या परक्याशी असं झालं असतं तर मी ती गोष्ट हसत हसत सांगत फिरलो असतो. पण त्याने पटाकडे बघून बरोबरी दिली नव्हती, माझ्याकडे बघून दिली होती.

आता तो लिफाफा मागतोय. मी हत्तीची नवी चिठ्ठी लिहिली. तेच पेन, तसाच कागद, सही तर माझीच. मोटेलवालीकडून केटली मागून आणली आणि झाकण वाफेवर धरलं. कडेचा डिंक सैल व्हायला लागला आणि त्याच्या सहीवरची शाई ओली होऊन किंचित फुटली. मी केटली बंद केली. लिफाफा टेबलावर पडलाय, चिठ्ठी त्याच्या शेजारी. काय करू सांग. लहानपणी तू सांगायचीस आणि मी ऐकायचो, तसं आजही सांग.

तुझा लोभ राहील की नाही ते ठाऊक नाही, म्हणून खाली नुसतं नाव लिहितो.

लुडी


क्लीव्हलंड,
२४ फेब्रुवारी १९७८

लुडीस,
आशीर्वाद लिहायला हात होत नव्हता. दोन दिवसांनी बसले तेव्हा लिहितेय, घे, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि स्टोव्हमध्ये घातलं. पहिल्यांदा तुझा इतका राग आला की तू स्पर्धांत जिंकलेले सगळे कप काढून मागच्या अंगणात फोडावेत असं वाटलं. दोन वर्षं, लुडी. दोन वर्षं तो माणूस तुझी चाल जगाला शिकवतोय आणि तू विचिटा आणि डेन्व्हर करत फिरतोयस. तुला एक फोन करता आला नाही?

आणि आता माझं ऐक. ती नवी चिठ्ठी लिफाफ्यात घाल आणि पाठवून दे. शाई फुटली तर फुटू दे, सांगू पावसात भिजला. आईची पत्रं आपण केटलीवर उघडायचो तेव्हा तुझा हात चांगला चालायचा.

तुला वाटेल ताईला खऱ्याखोट्याची चाड नाही. आहे. पण तू बारा वर्षं या घरात राहिला नाहीस. लग्नानंतर मी एमिलला किती रविवार जेवायला वाढलं ते मला बोटांवर सांगता येईल. तो घरी असला तरी घरी नसायचा, चमचा हातात आणि डोळे कुठल्या तरी पटावर. अ‍ॅनी चालायला लागली तेव्हा तो मिलवॉकीला होता. आता तो साडेपाचला येतो, तिला गणितं घालतो, रविवारी माझ्या बाजूला बसून भाजी चिरतो. मला नवरा मिळालाय रे, चौतिसाव्या वर्षी लग्न करून शेचाळिसाव्या वर्षी मिळालाय. त्याला जर कळलं की खुर्चीत नुसतं बसून राहिला असता तर ग्रँडमास्टर झाला असता, तर तो इथे राहील असं वाटतं तुला? मला वाटत नाही.

आणखी एक. तुझ्यापेक्षा माझं ओझं कमी नाही. त्या दिवशी दुपारी मीच हॉटेलवर निरोप ठेवला होता की अ‍ॅनीला ताप आहे, साडेसहाची बस पकडून ये. ताप होता, पण बस सकाळचीही चालली असती. मला भीती वाटत होती की तो जिंकेल. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तो जिंकला असता तर शब्द फिटला असता आणि तो कायमचा रस्त्याला लागला असता.

म्हणून हात जोडून सांगते, चिठ्ठी घाल. देव मला विचारेल तेव्हा मी सांगेन काय ते. लोभ माग नाहीतर नको मागू, तो तुझ्यावरचा कधी सुटणार नाही हीच माझी पंचाईत आहे.

अल्बिना


तुल्सा,
१७ एप्रिल १९७८

प्रिय एमिल,
स. न. वि. वि.

सोबत लिफाफा रजिस्टरने पाठवतोय. उजव्या कोपऱ्यात तुझ्या सहीची शाई फुटली आहे. मी तो वाफेवर धरला होता, आत दुसरी चिठ्ठी घालायची होती. घातली नाही. फाडून टाकली.

आत राजा एक घर पुढे असं लिहिलंय. ग्रडिना जिंकला. तू सूपच्या टेबलावर आलास तेव्हा मला ते माहीत होतं, आणि मी हात पुढे केला. स्पर्धा घेणाऱ्यांना मी लिहून विचारलं, तर त्यांचं उत्तर आलं की लागलेला निकाल बदलत नाही, किताब परत घ्यायची सोय नाही. म्हणजे तुझं मी तुला देऊही शकत नाही.

ताईने मला हे करू नको असं निक्षून सांगितलं होतं. तिच्यावर रागावू नकोस. तिच्या रविवारांचा मी विचार केला, खूप केला. पण तू लिहिलंस की त्या एका गोष्टीच्या जोरावर तू झोपतोस, आणि ती गोष्ट तर खोटी आहे, आणि ते खोटं माझं आहे. हे वाचल्यावर मला दुसरं काही करता आलं नाही. लिफाफा सगळ्यांसमोर उघड, नाहीतर एकट्याने उघड, नाहीतर चुलीत घाल. दोन वर्षं मी एकट्याने ठरवलं, आता तू ठरव.

मे महिन्यात मी सेंट लुईसच्या खुल्या स्पर्धेत आहे. त्याच्यापुढचं काही ठरवलेलं नाही. तुझ्याकडे काही मागण्याचा हक्क मला नाही, म्हणून इथेच थांबतो.

लुडी


क्लीव्हलंड,
३ मे १९७८

चि. लुडीस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र स्पर्धेच्या हॉटेलवर एक्सप्रेसने पाठवतेय, एमिल तुझ्यासमोर बसायच्या आधी तुला मिळावं म्हणून.

तू माझं ऐकलं नाहीस. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही याच वेळी. बरं.

एमिलने तुझं पत्र कामाच्या कपड्यांतच टपालपेटीपाशी उभ्याने वाचलं. आत येऊन साबणाने हात धुतले, पाव कापायच्या सुरीने लिफाफा उघडला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर डाव मांडला. मला ताटं मांडू दिली नाहीत. तुझा राजा एक घर पुढे नेला आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळत गेला. अकरा चालींत जिंकला. सोंगट्या परत मांडल्या आणि पुन्हा जिंकला. अ‍ॅनी भूक लागली म्हणून रडायला लागली तेव्हा त्याने पट उचलला. मग मी माझं सगळं सांगून टाकलं, बस, ताप, माझी भीती. तो म्हणाला की निरोप मिळाला होता, पण साडेसहाची बस नसती तरी त्याने हेच केलं असतं, कारण लुडी राजा खेळेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

क्लबच्या जेवणाला तो गेला, मीही गेले. मला वाटलं उघडणार नाही, गप्प बसेल. पण दोनशे माणसांसमोर उभा राहिला, कागद काढला आणि चाल वाचली. म्हणाला की दोन वर्षं दर गुरुवारी मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. डाव जिंकलेला होता. मी पट बघायचा सोडून समोरचा माणूस बघितला, आणि पटावर बसल्यावर ते करायचं नसतं. मग ग्रडिनाकडे जाऊन आपल्या तळघरातली दारूची बाटली त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ती घेतली नाही, नुसता रडला. अकॉर्डियनवाल्यालाही कळेना वाजवावं की नाही. कुणीतरी तुझा फोटो काढायला निघालं, तर एमिलने त्याला मागे ओढलं, आणि फोटो तिरका झाला होता तो स्वतः सरळ केला.

किताबासाठी तो रागावलेला नाही. ते मला वाटलं होतं, तसं काही नाही. त्याचा राग वेगळाच आहे. जेवून आल्यावर बसू, एवढे तीन शब्द तू बोलला असतास तर तो बसला असता, आणि हरला असतास तरी दोघं एकाच बसने घरी आला असतात, असं तो म्हणतो. दोन वर्षं तू घराबाहेर राहिलास याचा त्याला जास्त राग आहे.

सोमवारी त्याने कारखान्यात दोन आठवड्यांची रजा मागितली. नाही म्हणाले, तर त्याने किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. आज सकाळच्या बसने तो सेंट लुईसला निघालाय. स्पर्धेत नाव घातलंय. डबा दिलाय, तू भेटलास तर त्यातलं अर्धं तुझं. शब्द मोडतोय म्हणून दारात उभा राहून माफी मागितली. मी म्हटलं की तो शब्द तू एका खोट्यापायी पाळलास, तो मी तुला परत देते. तो गेल्यावर मी बराच वेळ जिन्यातच बसून होते.

आता नीट वाच. पंच तुम्हाला समोरासमोर बसवतील की नाही मला माहीत नाही. नाही बसवलं तर खोलीत पट मांडा, पण बसा. तो जिंकला तर पुन्हा रस्त्याला लागेल. तू जिंकलास तर बहुधा घरी येईल. हे मला कळतं, आणि तुलाही कळेल, म्हणूनच लिहितेय. माझ्यासाठी जिंकू नकोस आणि त्याच्यासाठी हरू नकोस. मुद्दाम केलेली एक चूकही त्याच्या लगेच ध्यानात येईल, आणि ती तो तुला जन्मात माफ करणार नाही. तो आता पन्नाशीला आलाय, तीन तासांनी त्याची पाठ धरते. तो थकेल, आणि जुन्या सवयीने कदाचित हात पुढे करेल. घेऊ नकोस. शेवटपर्यंत खेळ.

तुझ्यावर रागही आहे आणि लोभही आहे. त्यातलं काय वाढवायचं ते डाव संपल्यावर तुम्ही दोघं मिळून फोन करा, मग सांगते.

तुझी,
अल्बिनाताई